एकट्या संगणकाचा शेजार : नेटवर्क कार्ड बसवण्याच्या कौशल्याचा इतिहास

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने बाजारात आणलेला पर्सनल कॉम्प्युटर हा एका टेबलाशी बसून एकाच माणसाने वापरावा या कल्पनेने घडवलेला होता आणि त्यात जाळ्यातील इतर संगणकांशी जोडून घेण्याची सोय मुळात नव्हती. पुढच्या दोन दशकांत कार्यालयांतील, महाविद्यालयांतील आणि अखेरीस घरांतील जे डेस्कटॉप संगणक परस्परांना जोडले गेले, त्यांपैकी पुष्कळ असेच एकटे जन्मलेले होते आणि त्यांना जाळ्यात आणण्याचे काम मदरबोर्डावरील रिकाम्या स्लॉटमध्ये मागाहून बसवलेल्या एका छोट्या सर्किट-पाटीने केले. पाठ्यपुस्तकांत या पाटीला नेटवर्क कार्ड म्हणतात, तर बाजारात आणि घरोघरी ती लॅन कार्ड म्हणून ओळखली गेली. लॅन म्हणजे एका खोलीपुरते, इमारतीपुरते किंवा आवारापुरते मर्यादित असलेले संगणकांचे जाळे.

कॅबिनेट उघडायचे, कार्ड स्लॉटमध्ये दाबून बसवायचे आणि स्क्रू आवळायचा, ही कृती १९८२ मध्ये जशी होती जवळजवळ तशीच २००५ मध्येही होती. बदलत गेले ते तिच्या आधीचे आणि नंतरचे काम, म्हणजे नव्या कार्डाचे आणि जुन्या यंत्राचे जमवून देण्याचे काम. त्याचा भार आरंभी सर्वस्वी बसवणाऱ्या माणसावर होता; तो हळूहळू प्रोग्रामांकडे, तेथून मानकांकडे आणि शेवटी मदरबोर्ड घडवणाऱ्या कारखान्याकडे सरकला. नेटवर्क कार्डाच्या इतिहासाचा गाभा या सरकण्यातच आहे, आणि तो नीट पाहिला म्हणजे संगणक उघडता येणे, त्यात मागाहून भर घालता येणे, या गुणाचे खरे मोलही लक्षात येते.

सामाईक तार

या कार्डाची मुळे आयबीएमच्या संगणकाहून दहा वर्षे जुनी आहेत. हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये बेटांवरील केंद्रांना रेडिओने जोडणारे अलोहानेट सुरू केले. त्यात प्रत्येक केंद्र आपला संदेश पाठवून मोकळे होई, दोन संदेश एकाच वेळी निघून एकमेकांवर आदळले तर दोन्ही वाया जात, आणि पोच आली नाही असे पाहून पाठवणारे केंद्र काही वेळाने पुन्हा प्रयत्न करी. या पद्धतीचा अभ्यास केलेले रॉबर्ट मेटकाफ कॅलिफोर्नियातील झेरॉक्सच्या पालो अल्टो संशोधन केंद्रात काम करत असताना त्यांनी २२ मे १९७३ रोजी एक टिपण लिहिले आणि रेडिओच्या जागी एकच सामाईक केबल वापरून इमारतीतील सगळे संगणक जोडण्याची कल्पना मांडली. डेव्हिड बॉग्ज यांच्या साथीने त्यांनी ती त्याच वर्षी प्रत्यक्षात आणली. केंद्रातील आल्टो नावाच्या संगणकांना जोडणारे हे पहिले इथरनेट सेकंदाला २.९४ मेगाबिट एवढ्या वेगाने चालत असे.

इथरनेटने अलोहानेटच्या पद्धतीत महत्त्वाची शिस्त आणली. प्रत्येक संगणकाने बोलण्यापूर्वी तारेवर दुसरे कोणी बोलत नाही ना हे ऐकायचे, बोलतानाही ऐकत राहायचे, टक्कर झाल्याचे कळताच थांबायचे आणि यदृच्छेने ठरवलेला काही काळ थांबून पुन्हा सुरुवात करायची, असा हा नियम होता. टक्कर पुन्हा पुन्हा होत राहिली तर थांबण्याच्या काळाची मर्यादा दरवेळी दुप्पट होई. ऐकण्याचे, थांबण्याचे आणि पुन्हा पाठवण्याचे हे काम संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवर सोडले असते तर त्याला दुसरे काही करताच आले नसते. म्हणून ते स्वतंत्र सर्किटाकडे सोपवण्यात आले, आणि नेटवर्क कार्डाची गरज नेमकी येथे निर्माण झाली.

डिजिटल इक्विपमेंट, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी मिळून ३० सप्टेंबर १९८० रोजी सेकंदाला १० मेगाबिट वेगाच्या इथरनेटचा तपशील प्रसिद्ध केला आणि पुढे आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने १९८३ मध्ये त्यावर आधारित ८०२.३ हे मानक संमत केले. या तपशिलात प्रत्येक जोडणीला ४८ बिटांचा, जगात दुसरीकडे कोठेही नसणारा पत्ता देण्याची तरतूद होती. त्यातील पहिला अर्धा भाग उत्पादकाची ओळख सांगतो आणि उरलेला भाग उत्पादकाने त्या एका नगाला दिलेला असतो. हा पत्ता कार्डावरील चिपमध्ये कोरलेला असल्यामुळे जाळ्याला ओळख पटे ती कार्डाची, संगणकाची नव्हे. कार्ड एका यंत्रातून काढून दुसऱ्यात घातले की पत्ताही त्याच्यासोबत जाई. या तपशिलाचे व्यावहारिक परिणाम पुढे पंचवीस वर्षांनी भारतीय शहरांतील ग्राहकांनाही अनुभवास आले.

आयबीएमचे स्लॉट आणि पहिली कार्डे

आयबीएमच्या पहिल्या पर्सनल कॉम्प्युटरमध्ये पाच स्लॉट होते. स्लॉट म्हणजे मदरबोर्डावरील लांबट खाच, जिच्यात कार्डाची सोनेरी कड बसते आणि कार्ड संगणकाच्या बसशी, म्हणजे प्रोसेसर, स्मृती आणि इतर भाग यांच्यामधील सामाईक तारांच्या संचाशी, जोडले जाते. या पहिल्या स्लॉटमध्ये ६२ संपर्कबिंदू होते आणि एका वेळी ८ बिटांची ने-आण होत असे. १९८४ च्या पीसी-एटी या संगणकात त्याच रेषेत ३६ संपर्कबिंदूंचा दुसरा तुकडा जोडून १६ बिटांची सोय करण्यात आली, आणि जुनी ८ बिटांची कार्डेही त्या स्लॉटमध्ये चालत राहिली. या बसला पुढे आयसा असे नाव मिळाले. स्लॉटच्या रचनेइतकीच निर्णायक गोष्ट ही होती की आयबीएमने तांत्रिक संदर्भपुस्तिकेत सर्किटांच्या आकृत्या आणि बायोसची, म्हणजे संगणक चालू होताच प्रथम धावणाऱ्या मूळ प्रोग्रामची, संहिता छापून टाकली होती. त्यामुळे कोणत्याही तिसऱ्या कंपनीला स्लॉटमध्ये चालणारे कार्ड तयार करता येई.

मेटकाफ यांनी १९७९ मध्ये सहकाऱ्यांसह स्थापन केलेल्या थ्रीकॉम या कंपनीने ही संधी साधली आणि १९८२ मध्ये आयबीएमच्या संगणकासाठी इथरलिंक हे कार्ड बाजारात आणले. या मालिकेतील सुरुवातीचे ३सी५०१ हे कार्ड आजच्या दृष्टीने फार तोकडे होते. त्यात संदेशाचे एकच पॅकेट मावेल एवढी २ किलोबाइट स्मृती होती, आणि ते पॅकेट संगणकाने उचलून घेईपर्यंत तारेवरून आलेले पुढचे पॅकेट हुकत असे. इथरनेटचे एक पॅकेट ६४ ते १५१८ बाइट लांबीचे असते आणि दोन पॅकेटांमधील अवकाश अत्यल्प असतो, म्हणून कार्डावर काही पॅकेटांना रांगेत थांबवणारी स्मृती असणे किती आवश्यक आहे, हे या अनुभवातून उत्पादकांना उमगले. नॉव्हेल कंपनीच्या एनई२००० या १६ बिटांच्या कार्डावर पुढे १६ किलोबाइट स्मृती आली.

जंपरचे गणित

आयसा बसवरील कार्डाला संगणकाकडून मुख्यतः दोन गोष्टी हव्या असत. पहिली म्हणजे व्यत्यय-संकेताची तार, जिला तंत्रज्ञ आयआरक्यू म्हणतात. तारेवरून पॅकेट आले की कार्डाने या तारेवर संकेत द्यायचा आणि प्रोसेसरने हातातले काम बाजूला ठेवून ते पॅकेट उचलायचे, अशी ही व्यवस्था असते. दुसरी गोष्ट म्हणजे आय-ओ पत्ता, म्हणजे प्रोसेसरने ज्या क्रमांकांवर लिहिले किंवा वाचले असता ते त्या कार्डापर्यंत पोचते असा क्रमांकांचा पट्टा. काही कार्डांना याखेरीज स्मृतीतील एक राखीव भागही लागत असे, विशेषतः कार्डावर बूट रॉम नावाची चिप असेल आणि संगणकाने स्वतःच्या डिस्कविना जाळ्यातील सर्व्हरवरूनच चालू व्हायचे असेल तेव्हा.

हे सगळे क्रमांक मर्यादित होते आणि त्यांतील बरेचसे आधीच वाटले गेलेले होते. मूळ पर्सनल कॉम्प्युटरमध्ये व्यत्ययाच्या आठच तारा होत्या. पीसी-एटीमध्ये दुसरी नियंत्रक चिप पहिलीला साखळीने जोडल्यावर त्या वापरण्याजोग्या पंधरा झाल्या. त्यांतील शून्य क्रमांकाची तार घड्याळाकडे आणि १ क्रमांकाची कीबोर्डाकडे असे, ४ आणि ३ या अनुक्रमे पहिल्या आणि दुसऱ्या सिरियल पोर्टांकडे, ६ फ्लॉपीकडे, ७ प्रिंटरकडे आणि १४ हार्ड डिस्ककडे असे. दुसऱ्या प्रिंटरसाठी राखलेली ५ क्रमांकाची तार पुढे बहुधा साउंड कार्डाने बळकावली. एनई२००० कार्ड कारखान्यातून येताना आय-ओ पत्ता षोडशमान पद्धतीतील ३०० आणि आयआरक्यू ३ असा लावून येई. ज्या संगणकाच्या दुसऱ्या सिरियल पोर्टावर मोडेम असे तेथे हा संघर्ष ठरलेला होता, कारण आयसा बसवरील व्यत्ययाची तार दोन साधनांना खात्रीने वाटून घेता येत नसे.

म्हणून कॅबिनेट उघडण्यापूर्वी आत काय काय आहे आणि कोणत्या क्रमांकांवर आहे याचा हिशेब मांडणे हे बसवणाऱ्याचे पहिले काम होते. मोकळे क्रमांक सापडल्यावर कार्डावरील जंपर, म्हणजे धातूच्या दोन पिनांना जोडणारे नखाएवढे प्लॅस्टिकचे टोपण, एका जोडीवरून काढून दुसऱ्या जोडीवर लावायचे आणि कोणत्या जोडीचा अर्थ काय हे कार्डासोबतच्या पत्रकावरून ठरवायचे. पत्रक हरवले की काम अडून बसे. हिशेब चुकला तर संगणक तसे सांगत नसे. माउस हलवताच जाळे बंद पडणे, फाइल अर्ध्यावर अडकणे किंवा संगणक चालू होताना गोठून बसणे अशा लक्षणांवरून कारण ओळखावे लागे. या काळातील तंत्रज्ञाचे कौशल्य स्क्रूड्रायव्हर चालवण्यात फारसे नव्हते, ते यंत्रातील अदृश्य वाटणी मनात धरून ठेवण्यात होते.

या गोंधळात एनई२००० कार्डाने एक प्रकारचे स्थैर्य आणले. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात नॉव्हेलने आपल्या नेटवेअर या जाळे-प्रणालीचा प्रसार व्हावा म्हणून हे साधे कार्ड आणले, आणि त्याचा गाभा असलेली ८३९० ही चिप नॅशनल सेमिकंडक्टर कंपनीची, म्हणजे कोणालाही विकत मिळणारी होती. साहजिकच अनेक उत्पादकांनी तशीच कार्डे स्वस्तात बनवली आणि एनई२०००शी सुसंगत असणे हीच कार्डाची ओळख ठरू लागली. खोक्यावर नाव कोणाचेही असो, त्याच ड्रायव्हर-प्रोग्रामने ते चालण्याची शक्यता बरीच असे. औपचारिक मानक नसतानाही केवळ नकलांच्या संख्येमुळे तयार झालेले हे मानक होते आणि कमी खर्चात जाळे उभारू पाहणाऱ्या संस्थांना त्याचा मोठाच आधार झाला.

केबलची तीन रूपे

कार्डाच्या मागच्या पट्टीवर कोणते तोंड आहे, यावरून ते कोणत्या काळातले हे ओळखता येते. पहिल्या इथरनेटची जाड कोॲक्सियल केबल एका सलग तुकड्यात ५०० मीटरपर्यंत नेता येई आणि तिला जागोजागी टोचून बसवलेल्या ट्रान्सीव्हरपासून कार्डाच्या १५ पिनांच्या तोंडापर्यंत वेगळी जोडतार आणावी लागे. १९८० च्या दशकाच्या मध्यावर आलेल्या पातळ केबलने हा खर्च वाचवला. ती थेट कार्डापर्यंत येई, इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या जोडणीतून पुढच्या संगणकाकडे जाई आणि दोन्ही टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर लावून संपवावी लागे. हे टर्मिनेटर नसतील तर संकेत टोकावरून परत उलटून सगळी वाहतूक बिघडवत. या केबलची मर्यादा १८५ मीटर आणि ३० संगणक एवढी होती, आणि साखळीत कोठेही एक जोडणी सुटली तरी तिच्यावरील सगळेच संगणक बंद पडत.

या दुखण्यावरचा उपाय १९९० मध्ये मानक झालेल्या टेन-बेस-टी या पद्धतीने दिला. टेलिफोनसारख्या पिळलेल्या तारांच्या जोड्यांची केबल प्रत्येक संगणकापासून मध्यवर्ती हबपर्यंत १०० मीटरच्या आत स्वतंत्र न्यायची आणि दोन्ही टोकांना आरजे-४५ हे आठ संपर्कांचे तोंड बसवायचे, अशी ही रचना होती. तीत एक केबल तुटली तर एकच संगणक बंद पडे. जुन्या यंत्राच्या मालकाला कोणत्या केबलच्या इमारतीत जावे लागेल याचा भरवसा नसल्यामुळे १९९० च्या दशकात तिन्ही तोंडे असलेली कॉम्बो कार्डे विकली गेली आणि ती संक्रमणाच्या काळात फार उपयोगी पडली.

ड्रायव्हर आणि स्मृतीची टंचाई

कार्ड बसले आणि क्रमांक जुळले तरी काम अर्धेच होई, कारण डॉस या तत्कालीन कार्यप्रणालीला जाळे म्हणजे काय याची मुळातच कल्पना नव्हती. कार्डाशी बोलणारा ड्रायव्हर हा प्रोग्राम आणि त्यावर जाळ्याची भाषा जाणणारे इतर प्रोग्राम बसवणाऱ्याला एकावर एक चढवावे लागत. नेटवेअरच्या जाळ्यात आधी जोडस्तराचा एलएसएल, मग कार्डाचा ड्रायव्हर, मग आयपीएक्स या संवाद-पद्धतीचा प्रोग्राम आणि शेवटी सर्व्हरच्या डिस्क वापरकर्त्याला दाखवणारा प्रोग्राम, असा क्रम ठरलेला असे. तो बदलला की काहीच चालत नसे. जंपरवर लावलेले क्रमांक नेट.सीएफजी नावाच्या फाइलमध्ये पुन्हा लिहावे लागत. म्हणजे एकच माहिती एकदा पिनांवर आणि एकदा अक्षरांत नोंदवायची आणि दोन्ही नोंदी तंतोतंत जुळवायच्या, ही जबाबदारी माणसाचीच होती.

या सगळ्यांना डॉसच्या ६४० किलोबाइट स्मृतीतच जागा काढावी लागे, त्यामुळे जाळे जोडल्यावर हिशेबाचा किंवा मजकूर लिहिण्याचा मोठा प्रोग्राम उघडेनासा होणे ही नेहमीची अडचण होती. १९९१ च्या डॉस ५ मध्ये ड्रायव्हर वरच्या स्मृतीत ढकलण्याची सोय झाली तेव्हा ती काहीशी सुटली. याच सुमारास आणखी एक मूलभूत सुधारणा घडली होती. थ्रीकॉम आणि मायक्रोसॉफ्ट यांनी एनडीआयएस, तर नॉव्हेलने ओडीआय हे ड्रायव्हरच्या बांधणीचे नियम तयार केले, आणि त्यामुळे एकाच कार्डावरून एकाहून अधिक संवाद-पद्धती चालवणे शक्य झाले. १९९२ च्या सुमारास आलेल्या थ्रीकॉमच्या ३सी५०९ या लोकप्रिय कार्डात जंपरही उरले नाहीत. क्रमांक फ्लॉपीवरील प्रोग्रामने लावायचे आणि ते कार्डावरील चिपमध्ये टिकून राहायचे. भार पिनांवरून पडद्यावर आला होता, पण मोकळा क्रमांक शोधण्याची जबाबदारी अजून माणसाकडेच होती.

यंत्रांनी आपसांत केलेली वाटणी

ती जबाबदारी यंत्राकडे सोपवण्याचा पहिला व्यापक प्रयत्न म्हणजे इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९३ मध्ये मांडलेले आयसा बससाठीचे प्लग अँड प्ले मानक. या मानकापुढचा प्रश्न बिकट होता, कारण आयसा बसवर सगळी कार्डे त्याच सामाईक तारांवर असतात आणि कोणते कार्ड कोणत्या स्लॉटमध्ये आहे हे संगणकाला कळण्याचा मार्ग नसतो. त्यावर योजलेली युक्ती अशी होती की प्रत्येक कार्डाला ७२ बिटांचा ओळख-अनुक्रम द्यायचा आणि संगणकाने सगळ्या कार्डांना एकदम, एकेक बिट करून, तो विचारायचा. ज्या कार्डाचा त्या जागचा बिट १ असेल त्याने ठरलेला संकेत बसवर ठेवायचा आणि ज्याचा बिट ० असेल त्याने केवळ ऐकायचे. ऐकणाऱ्याला दुसऱ्या कोणाचा संकेत आढळला तर त्याने त्या फेरीतून माघार घ्यायची. सगळे बिट संपेपर्यंत एकच कार्ड उरते, त्याला एक क्रमांक मिळतो आणि उरलेल्या कार्डांसाठी नवी फेरी सुरू होते. एकाच सामाईक मार्गावर अनेकांनी बोलायचे असेल तर आधी ऐकायचे आणि दुसऱ्याचा आवाज आला तर थांबायचे, हे जे तत्त्व मेटकाफ आणि बॉग्ज यांनी इमारतीतील केबलसाठी वापरले होते, त्याच्याशी जवळचे नाते सांगणारी रीत वीस वर्षांनी कॅबिनेटच्या आतही वापरली गेली.

२४ ऑगस्ट १९९५ रोजी आलेल्या विंडोज ९५ ने हे मानक सर्वसामान्य वापरात आणले, पण जुन्या जंपरवाल्या कार्डांच्या शेजारी नवी कार्डे बसवताना वाटणी अनेकदा फसत असे, कारण जुनी कार्डे या चौकशीला उत्तरच देत नसत. प्रश्न मुळातून सुटला तो १९९२ मध्ये इंटेलने मांडलेल्या पीसीआय या नव्या बसमुळे. तिच्यात प्रत्येक स्लॉट संगणकाला स्वतंत्रपणे ओळखता येतो, प्रत्येक कार्डावर २५६ बाइटांची माहिती-नोंद असते, तिच्यात उत्पादकाचा आणि साधनाचा क्रमांक लिहिलेला असतो, आणि व्यत्ययाची तार अनेक कार्डांना वाटून घेता येते. तैवानच्या रिअलटेक कंपनीच्या ८१३९ या चिपवरील अतिशय स्वस्त कार्डे याच बसवर घरोघरी पोचली.

वेगाच्या दृष्टीनेही हा बदल आवश्यक होता. सेकंदाला १० मेगाबिट म्हणजे सव्वा मेगाबाइट. तेवढी वाहतूक आयसा बसला पेलत असे. १९९५ मध्ये मानक झालेल्या फास्ट इथरनेटचा १०० मेगाबिट वेग म्हणजे साडेबारा मेगाबाइट, आणि तो आयसाच्या आवाक्याबाहेरचा होता. पीसीआय बसची सैद्धान्तिक क्षमता सेकंदाला १३३ मेगाबाइट असल्याने तिच्यावर हे कार्ड सहज चाले. १९९९ मध्ये तांब्याच्या केबलवर आलेल्या गिगाबिट इथरनेटने मात्र पीसीआयलाही अपुरे ठरवले, कारण हा वेग दोन्ही दिशांनी एकाच वेळी वापरायचा तर सेकंदाला २५० मेगाबाइट लागतात. जुन्या संगणकात नवे कार्ड बसते आणि चालतेही, परंतु त्याचा पूर्ण वेग मिळेल की नाही हे बस ठरवते.

याच काळात कॅबिनेट उघडण्याच्या रीतीतही एक बारीक पण महत्त्वाचा फरक पडला. जुन्या एटी प्रकारच्या संगणकात पुढचे बटण विजेचा प्रवाहच तोडत असे; १९९५ मध्ये इंटेलने मांडलेल्या एटीएक्स रचनेत संगणक बंद असतानाही मदरबोर्डाला ५ व्होल्टचा अल्प पुरवठा चालू राहतो. त्यामुळे कार्ड घालण्यापूर्वी मागची पॉवर केबल काढून ठेवणे अनिवार्य झाले. अंगावरील स्थिर विजेने चिप निकामी होऊ नये म्हणून कॅबिनेटच्या धातूला हात लावून घेणे आणि कार्ड त्याच्या कडांनी धरणे, ही खबरदारी मात्र आरंभापासून अखेरपर्यंत कायम राहिली.

भारतातील आणि महाराष्ट्रातील वळण

भारतात संगणक-जाळ्यांची सुरुवात १९८६ च्या सुमारास केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साह्याने हाती घेतलेल्या एर्नेट प्रकल्पाने झाली आणि त्याच्या आरंभीच्या आठ सहभागी संस्थांत मुंबईतील एनसीएसटी आणि आयआयटी या दोन होत्या. सामान्य नागरिकांसाठी इंटरनेट खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमच्या सेवेने, आणि ते टेलिफोनच्या तारेवरून, मोडेमच्या साह्याने घ्यायचे होते. त्यामुळे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रातील घरांसाठी जुळवले गेलेले संगणक बहुधा मोडेमसह येत, लॅन कार्डासह नव्हे. हे संगणक पुष्कळदा असेंबल्ड, म्हणजे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांतून सुटे भाग आणून स्थानिक तंत्रज्ञाने जुळवलेले असत. नेमक्या याच गोष्टीमुळे ते पुढे भर घालण्यास सोयीचे ठरले.

पहिली मागणी सायबर कॅफेंकडून आली. एका टेलिफोन-जोडणीवर अनेक ग्राहकांना बसवायचे तर एका संगणकाला मोडेम लावून बाकीच्यांना हब आणि लॅन कार्डांनी त्याच्याशी जोडणे हाच परवडणारा मार्ग होता. प्रॉक्सी प्रोग्रामांनी आणि नंतर १९९९ मध्ये विंडोज ९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत अंतर्भूत झालेल्या जोडणी-वाटपाच्या सोयीने तो सुकर केला. त्यानंतर मोठ्या शहरांत केबल टीव्हीच्या व्यावसायिकांनी इंटरनेट देण्यास सुरुवात केली तेव्हा इमारतींच्या गच्च्यांवरून पिळलेल्या तारांच्या केबली आल्या. १०० मीटरची मर्यादा सांभाळण्यासाठी त्यांच्या वाटेत जागोजागी स्विच बसले, आणि प्रत्येक ग्राहकाच्या जुन्या संगणकात एक लॅन कार्ड घालणे ही जोडणीची पहिली पायरी ठरली. अनेक सेवांनी ग्राहकाची ओळख कार्डावर कोरलेल्या ४८ बिटांच्या पत्त्यावरून ठेवल्यामुळे कार्ड बदलले की जोडणी बंद पडे आणि नवा पत्ता कळवावा लागे. ऑक्टोबर २००४ च्या केंद्रीय धोरणाने सेकंदाला २५६ किलोबिट हा ब्रॉडबँडचा किमान वेग ठरवला आणि २००५ मध्ये बीएसएनएल व एमटीएनएल यांच्या ब्रॉडबँड सेवा सुरू झाल्या, तेव्हा टेलिफोनच्या तारेवरचा नवा मोडेमही इथरनेटचेच तोंड घेऊन आला. सात-आठ वर्षे जुन्या पेंटियम संगणकाला नव्या सेवेत आणण्यासाठी नवा संगणक घ्यावा लागला नाही, एक कार्ड पुरले. बेताच्या उत्पन्नाच्या कुटुंबांना ही बचत फार मोलाची होती, आणि घरोघरी जाऊन हे काम करणाऱ्या तरुण तंत्रज्ञांना त्यातून रोजगार मिळाला.

स्लॉटचा अस्त आणि त्याचा अर्थ

जाळ्याची जोडणी ही अपवाद न राहता नियम झाली तेव्हा उत्पादकांनी तिचे सर्किट मदरबोर्डावरच घेतले. २००० नंतर इंटेल आणि इतरांच्या चिपसंचांतच इथरनेट अंतर्भूत होऊ लागले, तोंड कॅबिनेटच्या मागे आपोआप येऊ लागले आणि स्वतंत्र कार्डाची गरज सर्व्हर, विशेष वेगाची जाळी आणि बिघडलेल्या तोंडाचा पर्याय एवढ्यापुरती उरली. एकेकाळी या व्यवसायाची ओळख असलेली थ्रीकॉम २०१० मध्ये एचपीमध्ये विलीन झाली. आयआरक्यू आणि जंपर यांचे ज्ञान दोन पिढ्यांच्या तंत्रज्ञांपुरते राहिले.

या इतिहासाचे मूल्यमापन करताना दोन प्रक्रिया वेगळ्या ठेवणे आवश्यक आहे. जमवून देण्याचा भार माणसावरून मानकावर सरकणे ही निःसंशय प्रगती होती, कारण जंपरचे गणित येणाऱ्या मोजक्यांपुरते असलेले जाळे त्यामुळेच सर्वांचे झाले. यंत्र बंदिस्त होणे ही मात्र निराळी प्रक्रिया आहे. आज अनेक लॅपटॉपांत आणि सर्वच मोबाइल फोनांत जाळ्याचे सर्किट मुख्य पाटीवर कायमचे जडवलेले असते आणि जाळ्याची नवी पिढी आली की आतले सर्किट बदलता न आल्याने अख्खे साधन बदलण्याची वेळ येते. पहिल्या प्रक्रियेतून दुसरी अपरिहार्यपणे निघते असा समज रूढ असला तरी पीसीआय बसचा दाखला तो खोटा ठरवतो, कारण ती पूर्णपणे स्वयंचलित होती आणि तरीही कोणत्याही उत्पादकाच्या कार्डाला खुली होती. आयबीएमने छापलेल्या आकृत्या, तीन कंपन्यांनी प्रसिद्ध केलेला इथरनेटचा तपशील आणि कोणालाही विकत मिळणारी ८३९० चिप या तीन खुल्या गोष्टींमुळे एकटे जन्मलेले संगणक जाळ्यात आले. वापर सोपा करण्यासाठी यंत्राचे दार बंद करावे लागत नाही, हे या साध्या कार्डाने पंचवीस वर्षे दाखवून दिले आहे, आणि आजच्या साधनांच्या रचनाकारांनी त्याची दखल घ्यायला हवी.